संकेतस्थळाचे रूप आपल्या हाती

ग्रामसभेची सूचना, शाळेचे प्रवेशपत्रक, वाचनालयाची नवी ग्रंथयादी असा मजकूर आज संकेतस्थळावरूनही नागरिकांपर्यंत पोहोचतो. संकेतस्थळ उभारताना बहुधा तयार मिळणारी थीम बसविली जाते. तिची अक्षररचना पुष्कळदा रोमन लिपी समोर ठेवून केलेली असते. परिणामी मराठी मथळ्यांची शिरोरेषा तुटते, मात्रा वरच्या ओळीला भिडतात आणि महत्त्वाची सूचना न वाचताच राहून जाते. या अडचणीवरचा खात्रीचा उपाय म्हणजे स्वतःची थीम बांधावयास शिकणे होय.

आशय वेगळा, रूप वेगळे

वर्डप्रेस ही मुक्त परवान्याखालील आशय-व्यवस्थापन प्रणाली मॅट मुलनवेग व माइक लिटल यांनी २००३ साली उपलब्ध करून दिली. २००५ मधील १.५ या आवृत्तीपासून तीत थीमची सोय आली. या व्यवस्थेचे तत्त्व साधे आहे. लेख, सूचना व पाने डेटाबेसमध्ये साठविली जातात. ती कोणत्या रूपात दिसावीत, एवढेच थीम ठरविते. नाटकाची संहिता तीच राहावी आणि नेपथ्य तेवढे बदलावे, तसा हा प्रकार आहे.

थीमची घडण

थीम म्हणजे वस्तुतः एका फोल्डरमधील काही फाइली होत. पारंपरिक पद्धतीच्या थीमला दोन फाइली पुरतात : 'स्टाइल.सीएसएस' व 'इंडेक्स.पीएचपी'. पहिलीच्या आरंभी थीमचे नाव नोंदवितात व पुढे रंग, अक्षरे आणि अंतरे यांचे नियम लिहितात. दुसरी फाइल डेटाबेसमधून एकेक नोंद घेऊन पानावर मांडते. पानाचा माथा व तळ यांच्या स्वतंत्र फाइली केल्या, म्हणजे तोच भाग पुनःपुन्हा लिहावा लागत नाही.

वाचकाने पान मागितले की प्रणाली प्रथम त्या प्रकारची खास फाइल शोधते : सुट्या लेखासाठी 'सिंगल', स्थायी पानासाठी 'पेज'. ती नसल्यास अखेरीस 'इंडेक्स'चा आधार घेतला जातो. हा क्रम उमगला की निम्मी विद्या साध्य झाली. २०२२ मधील ५.९ या आवृत्तीपासून संपूर्ण पान ठोकळ्यांनी रचणाऱ्या थीमही करता येतात. त्यांत रंग व अक्षरांची निवड 'थीम.जेसन' या एकाच फाइलीत नोंदविता येते.

मराठीची गरज

पानाची भाषा मराठी असल्याचे भाषासंकेताने नमूद करावे. त्यामुळे तशी सोय असलेल्या टंकांत 'ल' व 'श' ही अक्षरे मराठी वळणाने उमटतात, आणि अंध वाचकांना मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनासही मराठी उच्चार निवडता येतो. अक्षरांमध्ये जादा अंतर मुळीच सोडू नये, म्हणजे शिरोरेषा अखंड राहते. ओळींमधील अंतर मात्र रोमन मजकुरापेक्षा अधिक ठेवावे.

घ्यावयाची दक्षता

दुसऱ्याच्या थीमच्या फाइलींत थेट बदल केल्यास ती अद्ययावत करताना ते पुसले जातात. त्यासाठी मूळ थीमवर आधारलेली उपथीम करावी. ग्रामसभेच्या ठरावांसाठी स्वतंत्र नोंदप्रकार हवा असल्यास तो थीममध्ये न लिहिता प्लगिनमध्ये लिहावा. अन्यथा थीम बदलताच ठराव डेटाबेसमध्ये असूनही नागरिकांना दिसेनासे होतात. प्रत्येक बदल प्रथम स्वतःच्या संगणकावर तपासून, प्रत राखून, मगच संकेतस्थळावर चढवावा.

दप्तर नीट लावणे हे जसे कार्यालयाचे कर्तव्य, तसेच संकेतस्थळ वाचनीय ठेवणे हेही आहे. संस्थेतील एका शिक्षकाने वा लिपिकाने ही विद्या आत्मसात केली, तर काम करणारी कंपनी बदलली तरी गावाची माहिती गावाला मिळत राहील.