कोच किती मोठा खेळला होता?

उन्हाळी शिबिराचा कुठलाही बॅनर पाहा. डिलाईल रोडच्या नाक्यावरचा असो की शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळचा, फी आणि वेळ खाली बारीक अक्षरांत असते आणि वर ठळकपणे कोचचा भूतकाळ लिहिलेला असतो: माजी रणजीपटू, माजी राष्ट्रीय खेळाडू, विद्यापीठाचा माजी कर्णधार. आईवडीलही त्याच क्रमानं वाचतात. जो जितका वर खेळला, तो तितकं चांगलं शिकवणार, असा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब पूर्ण चूक नाही. ज्यानं कधी हरलेल्या संघाच्या बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडल्या नाहीत, त्याला खेळाडूच्या डोक्यात काय चाललंय ते समजायला जड जातं. पण भूतकाळाचा हा उपयोग एका पातळीपर्यंतच होतो, आणि ती पातळी बॅनरवाले सांगतात त्यापेक्षा बरीच खाली आहे. कॉलेजचा संघ, गिरणीचा संघ, स्पर्धेत गंभीरपणे घालवलेली काही वर्षं एवढ्यावर ती गाठली जाते. त्याच्या वरची प्रत्येक पायरी खेळाडू म्हणून मोठी असेल, पण शिकवण्याच्या कामात तिची भर कमी कमी होत जाते.

गिरणगावात हा प्रश्न पूर्वी एवढा टोकदार नव्हता. गिरण्यांचे स्वतःचे संघ असत. मफतलाल, ऑर्के मिल्स ही नावं मुंबईच्या फुटबॉलमध्ये होती, आणि कबड्डीचं मैदान तर चाळीच्या दारातच. पाळी सुटल्यावर पोरांना पकड शिकवणारा माणूस दहा वर्षांपूर्वी कसा खेळत होता, हे अख्ख्या वस्तीनं पाहिलेलं असे. त्याचा भूतकाळ कागदावर दाखवावा लागत नसे आणि फुगवताही येत नसे. 1982च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या आवारांत टॉवर उभे राहिले, खेळ टर्फवर आणि तासाच्या भाड्यावर आला. आता कोच आणि पालक एकमेकांना अनोळखी असतात, म्हणून बॅनरवर भिस्त. जे पूर्वी डोळ्यांनी पाहिलेलं असे, ते आता छापून सांगावं लागतं, आणि छापायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे खेळलेल्या स्पर्धेची पातळी. शिकवण्याची हातोटी फ्लेक्सवर मावत नाही.

रमाकांत आचरेकरांचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातला आकडा क्वचितच कोणी नीट पाहतो. मालवणहून आलेला हा खेळाडू न्यू हिंद क्लबकडून खेळला, यंग महाराष्ट्रकडून खेळला, गुलमोहर मिल्सकडून खेळला. प्रथम श्रेणीचा सामना मात्र त्यांच्या नावावर एकच: 1963-64च्या हंगामात मोईनुद्दौला स्पर्धेत स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध. आजच्या बॅनरच्या भाषेत हे फारसं वजनदार नाही. पुढे शिवाजी पार्कवर त्यांनी काय केलं ते तपशिलात पाहण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी बिचकलेल्या सचिन तेंडुलकरला त्यांनी झाडाआडून, त्याच्या नकळत खेळताना पाहिलं आणि मग घेतलं. बॅटची मूठ फार खाली धरण्याची त्याची सवय त्यांनी बदलून पाहिली. बदल मानवत नाही हे दिसल्यावर ती तशीच राहू दिली. नेटमध्ये स्टंपवर रुपया ठेवून ते आउट होण्याची किंमत ठरवत, आणि स्कूटरवर मागे बसवून त्याला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेत. यातल्या एकाही गोष्टीला कसोटी क्रिकेटचा अनुभव लागत नाही. लागते ती बघण्याची चिकाटी, आणि स्वतःची शैली पोरावर न लादण्याचा संयम.

यावर कोणी म्हणेल, आचरेकरांकडे पोरंच तशी येत होती. सचिन कुठेही गेला असता तरी सचिनच झाला असता. एका खेळाडूपुरतं हे खरं मानू. पण बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर, रमेश पोवार अशी रांग एकाच माणसाच्या हाताखालून निघते, तेव्हा केवळ नशिबावर बोट ठेवता येत नाही. शिवाय यात वेगवान गोलंदाज आहे, फिरकी टाकणारा आहे, यष्टिरक्षक आहे. स्वतःचाच खेळ पुढच्या पिढीत छापणाऱ्या कोचकडून इतकी विविधता येत नाही.

फुटबॉलमधलं उदाहरण तर थेट कॉलेजचंच आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम उस्मानिया विद्यापीठाकडून खेळले, शहरातल्या क्लबकडून खेळले आणि पेशानं शिक्षक होते. त्यांच्या हाताखाली भारतानं 1951च्या आणि 1962च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण मिळवलं आणि 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरी गाठली. त्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईत खेळणारा. रहीम यांनी कमजोर पायानंच खेळायच्या स्पर्धा भरवल्या, ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. ही शिक्षकाची युक्ती आहे: सवयीची कुबडी काढून घ्यायची, म्हणजे दुसरी ताकद वाढते. उपजतच दोन्ही पायांनी खेळणाऱ्या मोठ्या खेळाडूला अशी स्पर्धा भरवावी असं सुचलं असतं का, शंका आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. अमांडा गुडॉल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलचे निकाल तपासून 2011 मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की जे कोच स्वतः उत्तम आणि दीर्घकाळ खेळले होते, त्यांचे संघ जास्त जिंकतात. आपल्याकडे चंद्रकांत पंडित पाच कसोटी खेळले आणि त्यांनी मुंबईला तीनदा, विदर्भाला ओळीनं दोनदा आणि 2021-22 मध्ये मध्य प्रदेशाला रणजी करंडक मिळवून दिला. म्हणजे मोठेपणाचा उपयोग होतोच की! होतो, पण कुठे होतो ते पाहायला हवं. एनबीएच्या ड्रेसिंग रूममध्ये कोट्यधीश तारे बसलेले असतात. त्यांनी पहिल्या आठवड्यात कोचचं ऐकावं म्हणून त्याचं नाव कामाला येतं. बारा वर्षांच्या मुलाला ते नाव ठाऊकही नसतं. पंडितांच्या बाबतीतही कडक शिस्त आणि फारसं नाव नसलेल्या संघातूनही निकाल काढण्याची हातोटी दिसते. पाच कसोट्यांतून ती येत असती, तर पाचाहून अधिक कसोट्या खेळलेल्या सगळ्यांनीच करंडक आणले असते. इटलीचे फुटबॉल कोच आरिगो साकी यांना मोठ्या पातळीवर न खेळल्याचा टोमणा ऐकावा लागे. चांगला जॉकी व्हायला आधी घोडा असावं लागतं हे आपल्याला माहीत नव्हतं, असं त्यांचं त्यावरचं उत्तर प्रसिद्ध आहे.

मोठा खेळाडू कधीकधी वाईट शिकवतो, यालाही कारण आहे. पामेला हाइंड्स यांनी 1999च्या अभ्यासात दाखवलं, की एखाद्या कामात तरबेज झालेले लोक नवख्याला ते शिकायला किती वेळ लागेल याचा अंदाज फार कमी धरतात. स्वतःच्या अडचणी ते विसरलेले असतात. धडपडत, मधल्या फळीत राहून खेळलेल्या माणसाला मात्र प्रत्येक अडचण तारखेनिशी आठवते. अमोल मुझुमदार घ्या. फेब्रुवारी 1988 मध्ये सचिन आणि विनोदनं हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत 664 धावांची भागी केली, तेव्हा पॅड बांधून पुढच्या फलंदाजीची वाट पाहत बसलेला तो मुलगा. रणजी पदार्पणात 260, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, आणि भारताची टोपी एकदाही नाही. 2025च्या महिला विश्वचषकात भारत ओळीनं तीन सामने हरला, तेव्हा संघाच्या प्रशिक्षकपदी हाच माणूस होता. 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत त्याच संघानं दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून करंडक उचलला. पुरुष संघाच्या प्रशिक्षकासाठी क्रिकेट मंडळानं काढलेल्या जाहिरातीत 30 कसोटी किंवा 50 एकदिवसीय सामन्यांची अट असते, तिला प्रशिक्षणाच्या अनुभवाचा पर्यायही असतो. तो पर्यायाचा शब्द नसता, तर असे लोक अर्ज करण्याआधीच बाद झाले असते.

अशा अटीत आणखी एक अन्याय दडलेला असतो, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. खेळलेली पातळी ही गुणवत्तेइतकीच संधीचीही नोंद असते. 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी कबड्डीच्या अंतिम सामन्यात भारताला 27-24 असं हरवलं. त्यांच्या कोच होत्या नाशिकच्या शैलजा जैन. महिलांची कबड्डी आशियाई स्पर्धेत आली 2010 मध्ये. शैलजाताईंच्या तरुणपणी त्या स्पर्धेत खेळायची सोयच नव्हती. 'आंतरराष्ट्रीय खेळाडू हवी' अशी अट घातली, तर त्यांची अख्खी पिढीच दारातून परत जाते. आणि आपण कोणाला परत पाठवलं, ते जकार्तात समजतं.

तेव्हा पालकांनो, शिबिराची फी भरण्याआधी कोच कुठवर खेळला हे जरूर विचारा. खेळलेलाच नसेल, तर घाई करू नका. पण त्यानंतर तीन प्रश्न आणखी विचारा. प्रशिक्षणाचं शिक्षण कुठं घेतलं, पतियाळाच्या एनआयएसचा अभ्यासक्रम की फुटबॉल महासंघाचा परवाना? दोन वर्षांपूर्वी आलेली मुलं अजून येतात का? आणि संघात निवड न झालेल्या मुलाला सरावात किती वेळ मिळतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका. एक दिवस संध्याकाळी मैदानाच्या कडेला अर्धा तास उभं राहा, ते आपोआप दिसेल.