आजोबांच्या फेट्यावर ट्यूबलाइट!

मराठवाड्यातून येऊन हैदराबादेतल्या दिलसुखनगरच्या फ्लॅटमध्ये रुळलेल्या घरांत माळ्यावर एक ट्रंक हमखास सापडते. तिच्यातल्या फोटोंचे मोबाइलने फोटो घ्यायला बसा, पहिल्याच क्लिकला आजोबांच्या फेट्यावर ट्यूबलाइट उगवते. ती घालवली, की अर्धी लढाई जिंकली.

फ्लॅश बंद, घरातले दिवे बंद. फोटो खिडकीजवळ टेबलावर आडवा ठेवा आणि उजेड एका बाजूने तिरपा येऊ द्या. जुने स्टुडिओवाले उत्तरेच्या उजेडावर जगले, कारण तो मऊ असतो. हैदराबादेत मात्र एक गंमत आहे. ९ मेच्या आसपास भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. सकाळ-संध्याकाळी तर उत्तरेच्या खिडकीतून ऊन सरळ आत येतं. अशा वेळी खिडकीवर पांढरं धोतर टांगा.

कृष्णधवल फोटोच्या काळ्या भागावर निळसर चकाकी दिसते? ती खरीखुरी चांदी आहे, कागदावरच्या थरातून वर आलेली. सोनाराकडे धावू नका, इतकी नाही ती. पुसूही नका, प्रकाशाचा कोन बदला.

आता माझी लाडकी युक्ती. फोटोच्या मधोमध छोटा सपाट आरसा ठेवा. त्यात आपल्याच लेन्सचं प्रतिबिंब स्क्रीनच्या बरोबर मध्यावर आलं, की मोबाइल फोटोला समांतर. नाहीतर आत्याबाईंचं डोकं लिंबाएवढं होतं.

मेगापिक्सेलची चिंता सोडा. सहा बाय चार इंचांच्या फोटोला इंचामागे ६०० ठिपके दिले, तरी ३६०० गुणिले २४०० होतात, म्हणजे ८६ लाख. बारा मेगापिक्सेलचा मोबाइल पुरून उरतो.

याच हैदराबादेत राजा दीनदयाळ सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते. त्याआधी ते इंदूरला होळकरांच्या राज्यात नोकरीला होते, म्हणजे मराठी दरबाराचीही ओळख होतीच. १८९२ मध्ये त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी खास स्टुडिओ काढला, तोही एका इंग्रज बाईंच्या देखरेखीखाली. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह आज दिल्लीत, इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे.

आपल्या ट्रंकेतला फोटो उलटा करायला मात्र विसरू नका. मागे १३५२ लिहिलंय म्हणून पणजोबांना बहमनी काळात ढकलू नका! निजामी राज्यात फसली सन चाले. त्यात ५९० मिळवा, १९४२-४३ निघतं. पुसट पेन्सिल वाचायची तर उजेड अगदी कडेने, आडवा पाडा. अक्षरांचे खड्डे उठून दिसतात. त्या पाठीचाही फोटो काढा.

आणि छत्रपती संभाजीनगरच्या काकांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर ८६ लाख ठिपक्यांतले बरेचसे वाटेतच गळतील.