जुन्या गादीचा हिशेब

दिवाळीच्या वहीपूजनाला पंधरा दिवस उरले की बाजारपेठेतील पेढ्यांवर एक ठरलेली धावपळ सुरू होते. बैठकीची गादी उन्हात पडते, लोड-तक्क्यांच्या पांढऱ्या खोळी धुऊन, नीळ देऊन चढविल्या जातात आणि कापूस फारच बसला असेल तर गादीवाल्याला बोलावून तो पिंजून घेतला जातो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पेढीवर मळकी, खचलेली गादी असणे कोणत्याही व्यापारी कुटुंबाला रुचत नाही. त्याच घराच्या मागच्या खोलीत वृद्ध आई ज्या गादीवर झोपते ती केव्हा आणली, असे विचारले तर मात्र एकालाही सांगता येत नाही. धाकट्याच्या लग्नात घेतली, की जुना वाडा सोडला तेव्हा, यावर थोडा वाद होतो आणि विषय मिटतो.

याला केवळ विस्मरण म्हणता येणार नाही. घरात नवी गादी आली की ती नवदांपत्याच्या किंवा पाहुण्यांच्या खोलीत जाते. तेथील जुनी मुलांकडे आणि मुलांची आजीकडे. अशा रीतीने घरातील सर्वांत जुनी गादी सर्वांत थकलेल्या पाठीखाली येऊन पोचते. आजी तक्रार करीत नाही. ‘अजून चांगली आहे, उगाच खर्च कशाला?’ असे तीच म्हणते. काटकसरीत वाढलेल्या पिढीकडून दुसरे उत्तर अपेक्षितही नाही.

दुकानातील टेबल-खुर्च्यांचा घसारा काढायला हीच घरे कधी विसरत नाहीत. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण फर्निचरचे उपयुक्त आयुष्य १० वर्षे धरले आहे. आयकराच्या हिशेबात फर्निचरवर घटत्या शिलकेच्या १० टक्के घसारा मिळतो. या दुसऱ्या पद्धतीने १०० रुपयांची वस्तू १० वर्षांनंतरही पुस्तकात जवळजवळ ३५ रुपयांची उरते आणि शून्यावर कधी येतच नाही. घरातील जुन्या गादीकडे नेमके याच दृष्टीने पाहिले जाते. तिची किंमत दरवर्षी उतरते, पण ती संपली असे कोणी म्हणत नाही.

गादी संपली हे ओळखण्यासाठी तिच्यात काय भरले आहे ते आधी पाहावे लागते. या बाबतीत कापसाची गादी सर्वांत प्रामाणिक. कापसाच्या तंतूला निसर्गतःच पीळ असतो. त्यामुळे तंतूंमध्ये हवा खेळती राहते आणि गादी फुगलेली राहते. अंगाचे वजन आणि घामाची ओल यांनी तंतू दाबले जातात, त्यांचे गोळे होतात, आणि मग कुशीवर वळताना ते गोळे हाडांना जाणवू लागतात. पिंजारी, ज्यांना दक्षिण महाराष्ट्रात नदाफ म्हणतात, त्यांनी हे गोळे मोकळे करण्याचे काम पिढ्यान्पिढ्या केले. पिंजणाच्या तातेचा तो घुमणारा आवाज आता क्वचितच ऐकू येतो. काम यंत्रावर गेले, पण कृती तीच आहे. पिंजताना धूळ आणि तुटके तंतू गळून पडतात, म्हणून दर वेळी थोडा नवा कापूस घालावा लागतो. दोन-तीन वर्षांनी पिंजून, नव्या गादीपाटात भरून घेतलेली गादी दीर्घकाळ सेवा देते. पिंजूनही काही महिन्यांतच ती पुन्हा बसू लागली, किंवा उसवल्यावर तंतूंऐवजी भुकटीच अधिक निघाली, म्हणजे तो कापूस थकला असे समजावे.

काथ्याच्या गादीला पिंजण्याची सोय नाही. नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून तिचे थर तयार करतात. काही वर्षांनी रबर सुकते, काथ्या ठिसूळ होऊन तुटतो आणि झाडताना पलंगाखाली तपकिरी भुसा सापडू लागतो. फोमच्या गादीविषयी दुकानदार ‘घनता’ सांगतो. तो एक घनमीटर फोमच्या वजनाचा किलोमधील आकडा असतो. तिचा मऊ-कठीणपणाशी थेट संबंध नाही, टिकण्याशी आहे. वजनात हलका फोम लवकर खचतो, मग त्यावरचे कापड कितीही देखणे असो. चांगल्या फोमच्या किंवा स्प्रिंगच्या गादीचे आयुष्य साधारणतः ७ ते १० वर्षे मानले जाते. हा आकडा मात्र अंदाजापुरताच घ्यावा, कारण महिन्यातून चार रात्री वापरली जाणारी पाहुण्यांची गादी आणि रोज दुपारी-रात्री वापरली जाणारी आजीची गादी यांचे वय सारखे असले तरी झीज सारखी नसते.

परीक्षा घरीच करता येते. चादर काढून गादीवर आडवी सरळ काठी ठेवावी. मध्यभागी काठी आणि गादी यांच्यात बोट सहज शिरत असेल तर खड्डा पडला आहे. दुसरी खूण सकाळची. उठल्याबरोबर कंबर आखडलेली असते आणि घरात अर्धा तास हिंडल्यावर ती मोकळी होते, असे रोज घडू लागले तर गादीकडे पाहावे. (दुखणे दिवसभर टिकत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर गादीवाल्याकडे नव्हे, डॉक्टरांकडे जावे.) तिसरी खूण यात्रेत मिळते. पालीताण्याच्या किंवा कुंभोज बाहुबलीच्या धर्मशाळेत साध्या पातळ गादीवर झोपूनही पाठ दुखली नाही आणि घरी परतल्यावर पहिल्याच सकाळी पुन्हा आखडली, तर यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

अर्थात गादीला दोष देण्यापूर्वी पलंगही तपासावा. वाकलेल्या प्लायवूडवर नवी गादीही खचल्यासारखी वाटते. तीच गादी दोन रात्री जमिनीवर टाकून झोपल्यास दोष कोणाचा ते कळते.

पाठ दुखते म्हटले की ‘फळीवर झोपा’ असा सल्ला वडीलधारी मंडळी हमखास देतात. २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांपैकी काहींना कठीण आणि काहींना मध्यम कठीण गाद्या देऊन ९० दिवस पाहणी केली गेली. मध्यम कठीण गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला. फळीचा आग्रह त्यामुळे सोडण्यास हरकत नाही.

ढेकणांचा प्रश्न आपल्या घरांत निराळा असतो. गादीच्या शिवणीत त्यांची वस्ती एकदा झाली की हिंसेवाचून सुटका करून घेणे कठीण. म्हणून प्रवासाहून आल्यावर सामान बाहेरच झटकणे, शिवणी वरचेवर पाहणे, पावसाळा संपताच गाद्यांना ऊन देणे, ही आधीची दक्षताच उपयोगी पडते. गादीतील धूळ झटकणे दमा किंवा सर्दीच्या रुग्णासाठीही आवश्यक आहे. धुळीत राहणारे अतिसूक्ष्म कीटक डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेने शिंका आणि धाप सुरू होते. आजोबांचा सकाळचा खोकला गादी बदलल्यावर कमी झाला, तर त्यात नवल नाही.

आईसाठी नवी गादी घ्यायचे ठरले की मुलगा प्रेमाने सर्वांत जाड आणि महाग गादी आणतो, आणि तिथेच चुकतो. जुन्या उंच पलंगावर १० इंची गादी टाकली की आईचे पाय जमिनीला टेकत नाहीत. रात्री उठताना ती काठावरून घसरते आणि घरावर खुब्याच्या शस्त्रक्रियेचा प्रसंग येतो. पलंगाच्या काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि काठ दबून खाली जाता कामा नये. दुकानात जाताना पलंगाची उंची लिहून न्यावी. शक्य असेल तर आईलाच न्यावे आणि पाठीवर व कुशीवर दहा-पंधरा मिनिटे निवांत झोपू द्यावे. दुकानदाराचा संकोच वाटण्याचे कारण नाही. कापडाचा पोत बोटांनी पारखल्याशिवाय जो व्यापारी एक तागा उचलत नाही, त्याने गादी मात्र चित्र पाहून का घ्यावी? अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. तेथे पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी लागते आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी.

राहिली जुनी गादी. ती दुकानातील पोऱ्याला किंवा मोलकरणीला देऊन दानाचे समाधान मानण्याची पद्धत आहे. जी गादी आईच्या पाठीला चालली नाही, ती दिवसभर ओझी उचलणाऱ्याच्या पाठीला कशी चालेल, हा विचार त्या वेळी होत नाही. द्यायचीच असेल तर कापसाची गादी पिंजून, नवा गादीपाट घालून द्यावी. तो खर्च नव्या गादीच्या मानाने थोडा असतो. खचलेला फोम कोणालाही देऊ नये आणि दुकानामागे जाळूही नये, कारण त्याचा धूर विषारी असतो. नगरपालिकेच्या कचरा गाडीवाल्याला आधी सांगून तो वेगळा द्यावा. कापूस फारच थकला असेल तर गादीवाला त्यातून चांगला तेवढा निवडून देतो. एका मोठ्या गादीतून पेढीवरचे दोन लोड सहज भरून निघतात.