कुरकुर करणारा कामचुकार नसतो

‘तो सारखा कुरकुर करतो, म्हणजे त्याला काम नकोय.’ ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लग्नघरात हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की आता त्याचाच वीट आलाय. बोलीत हा शब्द कसा येतो ते एकदा नीट ऐका.

‘कुरकुरत उठला.’ ‘कुरकुरत पैसे काढले.’ ‘कुरकुरत का होईना, दळण आणलं.’ यातलं कोणतं काम व्हायचं राहिलं? उठणं झालं, पैसे मिळाले, पीठ डब्यात पडलं. काम टाळणाऱ्यासाठी आपल्याकडे शब्दांची चणचण नाही. तो टाळाटाळ करतो, चालढकल करतो, अंग चोरतो. कुरकुरणारा बहुतेक वेळा कामाला जुंपलेला असतो. शब्द आलाय आवाजावरून. जुनी खाट कुरकुरते ती वर कोणी बसलं की; रिकामी खाट गप्प असते.

याहून जास्त चीड येते ती रीतसर तक्रारीला ‘कुरकुर’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांची. तक्रार कोणाकडे तरी, कोणाविरुद्ध तरी केली जाते. ‘ग्राहक आयोगाकडे कुरकुर केली’ असं कोणी म्हणतं का? कुरकुरीला पत्ता नसतो, त्यामुळे तिला उत्तरही द्यावं लागत नाही. लेखी अर्जाला कुरकुर म्हणणाऱ्या साहेबाला हे पक्कं ठाऊक असतं.

आता बाकीचे गैरसमज, झटपट.

कुरकुर आणि कुरबुर एकच? नाही. कुरबुरीला दोन बाजू लागतात, म्हणून ती युतीत होते, भावाभावांत होते. कुरकुर एकट्याला जमते.

मग कटकट? ती ऐकणाऱ्याच्या बाजूने ठरते. ‘मला कटकट होते’ म्हणतात. ‘मला कुरकुर होते’ म्हणून बघा.

कुरकुरे या पाकिटावरून शब्द आला? मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या कोशात कुरकुर आहे. पाकीट १९९९ सालचं.

‘ती कुरकुर’, म्हणजे बायकांची? मग टकटक, किलबिल, चुळबुळ याही बायकांच्याच म्हणायच्या. असले नादशब्द मराठीत बहुधा स्त्रीलिंगीच असतात.

आणि ‘तक्रार’ संस्कृत नव्हे, अरबी. मूळ अर्थ पुनरावृत्ती. हिंदीत तकरार म्हणजे वाद, भांडण. दिल्लीच्या बँकेत जाऊन ‘मुझे तकरार करनी है’ म्हणालात, तर काउंटरमागचा माणूस बाह्या सरसावेल. तिथे शिकायत म्हणा.