गर्भारपण कळण्याआधीचा पेला आणि नंतरचा अपराधभाव

पाळी चुकते, चाचणी होते आणि गर्भधारणेची वार्ता कळते. त्याच क्षणी मागच्या पंधरवड्यातील लग्नसमारंभात घेतलेला वाईनचा पेला किंवा सर्दी-पडशावरचा घरगुती उपाय म्हणून घेतलेला फेणीचा घोट आठवतो आणि आनंदाची जागा धास्ती घेते. सणासमारंभांत मद्य सहज वावरणाऱ्या गोव्यात ही धास्ती अनोळखी नाही. मात्र ती बोलून दाखवणे अनेकींना जड जाते.

ही भीती निराधार नाही. मद्यार्क वारेतून गर्भाच्या रक्तात पोहोचतो आणि गर्भाचे यकृत अपरिपक्व असल्याने त्याचा निचरा लवकर होत नाही. १९७३ मध्ये केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ या अमेरिकी डॉक्टरांनी अतिमद्यपी मातांच्या बाळांत आढळलेल्या वैगुण्यांना 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' असे नाव दिले. गर्भारपणात मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित ठरलेली नाही. फेणी, बिअर वा वाईन यांत याबाबत भेद नाही.

तथापि, सुरक्षित मर्यादा ठाऊक नसणे म्हणजे एका पेल्याने बाळाला इजा होणारच, असे नव्हे. धोका मात्रा, वारंवारता व कालावधी यांनुसार वाढतो. ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत मद्य पूर्ण वर्ज्य करण्याचा सल्ला देतानाच, गर्भारपण कळण्यापूर्वी अल्प प्रमाणात घेतलेल्या मद्यामुळे बाळाला असलेला धोका कमीच असण्याची शक्यता आहे, असेही नमूद केले आहे.

झाले ते पुसता येत नाही. पुढचे महिने मात्र हाती असतात. मद्य कोणत्याही महिन्यात थांबवले तरी बाळाचा लाभच होतो. काय, किती व केव्हा घेतले, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना न लपवता सांगावे. अठराव्या ते विसाव्या आठवड्यातील सोनोग्राफीत शारीरिक व्यंगे बव्हंशी कळतात, परंतु मेंदूच्या कार्यावरील परिणाम दिसत नाहीत. म्हणूनच ही माहिती पुढे बालरोगतज्ज्ञांनाही द्यावी. रोज मद्य घेण्याची सवय असलेल्या स्त्रीने मात्र ते एकाएकी बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावे.

अपराधभावाचा खरा अपाय येथेच होतो. लाजेपोटी स्त्री गप्प राहते आणि आवश्यक तपासणी लांबते. घरच्यांनी अशा वेळी दोषारोप टाळावेत. पतीने स्वतः पेला दूर ठेवणे, हा कोणत्याही उपदेशाहून मोठा आधार ठरतो. रात्री-अपरात्री मोबाइलवर उत्तरे शोधत राहिल्याने चिंता शमत नाही. मनातील शंका कागदावर लिहून पुढील तपासणीत विचारणे अधिक हितावह होय.

झोप उडणे, सतत रडू येणे किंवा कशातच मन न रमणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. स्वतःला संपवण्याचे विचार आल्यास क्षणभरही थांबू नये. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.