नो सिग्नल!

दुसरा मॉनिटर अचानक काळाठिक्कर पडला की पहिला संशय कुणावर येतो? ग्राफिक्स कार्डावर! आणि दुसरा? घरातल्या माणसांवर! मीही तेच केलं. मग जे रामायण घडलं, ते तुमच्या घरी घडू नये म्हणून हा प्रपंच...

शनिवारची रात्र, साडेदहा. किचनमधून चकल्यांचा खमंग वास. खाली बिल्डिंगमधल्या पोरांनी दिवाळीच्या आधीच फटाके सुरू केलेले. आणि माझ्या टेबलावर एक काळाकुट्ट मॉनिटर, त्यावर मधोमध दोनच शब्द... ‘नो सिग्नल’.

सोमवारी सकाळी दहाला क्लायंटसमोर ऑनलाइन प्रेझेंटेशन. माझं कामच दोन स्क्रीनचं. डावीकडे एक्सेल, उजवीकडे स्लाइड्स. 2020च्या लॉकडाउनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा हा डेस्कटॉप जुळवून घेतला. तेव्हापासून एका स्क्रीनवर काम करणं म्हणजे एका हाताने पोळ्या लाटणं!

दुपारी बाबांनी साफसफाई काढली होती. सीपीयू टेबलाखालून बाहेर ओढून, सगळ्या वायरी काढून, छान पुसून ठेवला होता. संध्याकाळी वायरी मी परत जोडल्या. पण हे कुठलं आठवायला त्या क्षणी? मी सरळ हॉलमध्ये गेले आणि ओरडले, “बाबा, तुम्हाला कोणी हात लावायला सांगितला होता त्याला?”

बाबा काही बोलले नाहीत. हातातलं फडकं घडी करून ठेवलं आणि झोपायला गेले.

दुभाष्याच पळाला!

मग मी जे केलं, ते आपण सगळेच करतो. नेटवर शोधलं. ‘ग्राफिक्स ड्रायव्हर खराब असेल’ असं कुठेतरी वाचलं आणि समोर दिसलेलं पहिलं ‘ड्रायव्हर अपडेटर’ डाउनलोड केलं. त्याने स्कॅन करून लाल अक्षरांत सांगितलं, तुमचे सतरा ड्रायव्हर जुने आहेत! मी घाबरून नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश.

रिस्टार्ट झालं आणि बालवाडीच्या पुस्तकाएवढी अक्षरं! उजवा मॉनिटर तर मेलेलाच, आता डावाही आजारी. रात्रीचे दोन वाजलेले.

नंतर कळलं ते आधी सांगते. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला दुभाष्या. कार्ड कितीही भारी असो, दुभाष्या चुकीचा आला की दोघांचं बोलणं खुंटतं. अशा वेळी विंडोज स्वतःकडचा एक कामचलाऊ दुभाष्या बसवतं, ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’. तो स्क्रीनवर काहीतरी दाखवतो, एवढंच. दुसरा मॉनिटर वगैरे त्याच्या आवाक्यातलं काम नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली तुमच्या कार्डाऐवजी हे नाव दिसलं, तर समजा, खरा ड्रायव्हर गायब आहे.

सकाळी उठल्या उठल्या ओळखीच्या दुकानदाराला फोन. त्याने दोन मिनिटांत निदान केलं, “कार्ड गेलं मॅडम. नवीन टाका. अठरा हजारात चांगलं देतो.” बोनस नुकताच जमा झाला होता. मी पैसे पाठवायला मोबाइल हातात घेतलाही!

एसटीचं ज्ञान

तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले. रात्रीचं काहीच झालं नसल्यासारखे. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. कॉम्प्युटरचं त्यांना फारसं कळत नाही, ते स्वतःच सांगतात. पण त्यांनी विचारलं, “कार्ड गेलं हे त्याला फोनवरून कसं दिसलं?”

मी गप्प.

“गाडीचा हेडलाइट लागला नाही तर आम्ही अख्खं वायरिंग उपटत नव्हतो. आधी बल्ब बघायचा. मग वायर. मग फ्यूज. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि कशाने बिघडलं तेही!”

रात्री मी किती गोष्टी बदलल्या होत्या? सतरा!

बाबांनी जुन्या डायरीचं पान फाडलं आणि वर लिहिलं, ‘काय चालतं, काय नाही’. चालू मॉनिटरची वायर काढून बंद मॉनिटरला लावली. लागला! म्हणजे मॉनिटर ठीक. मग संशयित वायर डाव्या मॉनिटरला आणि कार्डावरच्या चालू पोर्टला लावली. तोही लागला! म्हणजे वायरही ठीक. राहिलं काय? ती वायर सीपीयूला जिथे लावली होती, ती जागा.

बाबा गुडघे धरत खाली बसले, मोबाइलचा टॉर्च मागे मारला. “अगं, एका वायरीची जागा खाली आहे, एकीची वर. दोन्ही एकाच घरातल्या ना? मग शेजारी शेजारी नकोत का?”

आणि माझी ट्यूब पेटली.

डेस्कटॉपच्या मागे एचडीएमआयची भोकं दोन ठिकाणी असतात, मंडळी. वर, यूएसबी आणि ऑडिओच्या शेजारी, ती मदरबोर्डची. खाली, आडव्या पट्टीत, ती ग्राफिक्स कार्डाची. कार्ड बसवलेलं असलं की बऱ्याच मदरबोर्डवर वरचं पोर्ट आपोआप बंद राहतं. बायोसमध्ये जाऊन ते चालू करता येतं, पण प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तरच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो, त्यात ते नसतंच. वरच्या पोर्टात वायर लावली काय आणि भिंतीत लावली काय, सारखंच!

आणि ती वायर तिथे लावली होती कोणी? मीच. शनिवारी संध्याकाळी. टेबलाखाली वाकून, अंदाजाने.

दुसरा बिघाड माझाच

वायर खालच्या पोर्टात लावली. तरी उजवा मॉनिटर काळाच! कारण पहिला बिघाड दुरुस्त झाला होता, पण रात्री मी स्वतःच्या हाताने केलेला दुसरा बिघाड अजून तिथेच होता. रात्री वायर योग्य जागी लावली असती, तर गोष्ट दोन मिनिटांत संपली असती. आता दुभाष्याला परत आणणं आलं.

डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ बटण फिकट पडलेलं. म्हणजे परत जायला जुना ड्रायव्हर शिल्लकच नव्हता. मग आधी ते अपडेटर काढून टाकलं. कार्डाचं मॉडेल खोक्यावरून बघितलं आणि कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून योग्य ड्रायव्हर उतरवून ठेवला. नेट बंद केलं. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करत सेफ मोडमध्ये गेले. तिथे ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ नावाच्या मोफत टूलने जुन्या ड्रायव्हरचे सगळे अवशेष साफ केले. मग नवा टाकला. इन्स्टॉल होताना स्क्रीन काही सेकंद काळी झाली तेव्हा माझा श्वास अडकला, पण तसं होतंच. घाबरून पॉवर बंद करायची नाही.

आणि मग... दोन्ही मॉनिटर लखलखले. अकरा चाळीस. खर्च शून्य रुपये!

“बाबा, सॉरी. काल उगाच ओरडले.”

बाबांनी डायरीच्या पानावर शेवटची टिकमार्क केली. “सॉरी राहू दे. हे कुठे लिहिणार असशील तर एवढं नक्की लिही, ती वायर मी लावली नव्हती!”

लिहिलं, बाबा.

पाकीट उघडण्याआधी...

* विंडोज की आणि ‘पी’ दाबा. चुकून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ झालं असेल तर ‘एक्स्टेंड’ निवडा.
* मॉनिटरच्या बटणांनी इनपुट तपासा. वायर एचडीएमआय 2 मध्ये आणि मॉनिटर बघतोय एचडीएमआय 1 कडे, हे फार कॉमन आहे.
* काम करता करता स्क्रीन थिजली? विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ एकत्र दाबा. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडी कामं तशीच राहतात.
* फोर-के मॉनिटरवर माउस अडखळतोय? वायर किंवा पोर्ट जुनं असेल. एचडीएमआय 1.4 वर फोर-के सेकंदाला 30 फ्रेम्सच मिळतात. 60 साठी 2.0 लागतं.
* डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआयची साधी वायर एकाच दिशेने चालते. कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर ती उलटी लावून भागत नाही.
* साफसफाईआधी सीपीयूच्या मागचा एक फोटो काढा. आणि वायरी कोणी जोडल्या ते आठवल्याशिवाय कोणावर ओरडू नका!