रोहा, गागोदे, पळसगाव : एका युद्धाच्या तीन बाजू

१० जुलै १९४४. इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची चढाई चालू होती. नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे जण मेले किंवा जखमी झाले. घाडगे थांबले नाहीत. धावत जाऊन त्यांनी मोर्च्यावर हातबॉम्ब टाकला. गन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांवर त्यांनी त्याच बंदुकीचे घाव घातले. मोर्चा हाती आला, आणि दुसऱ्याच कुठल्या तरी जागेवरून शत्रूच्या नेमबाजांनी घाडग्यांना गोळ्या घातल्या. वय बावीस. गाव पळसगाव, तालुका माणगाव, जिल्हा कुलाबा. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर कुठे आहे ते ज्ञात नाही. कॅसिनो येथील स्मारकावर, ज्यांच्या देहाचा ठावठिकाणा लागला नाही अशा सैनिकांच्या यादीत त्यांचे नाव कोरलेले आहे.

त्याच जुलै महिन्यात याच जिल्ह्यातला दुसरा माणूस अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या डोंगरातल्या एका हॉटेलात बैठकांना बसत होता. चिंतामणराव देशमुख. जन्म रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावचा, पण वडिलांची वकिली रोह्याला, आणि बालपण कुंडलिकेच्या काठी त्याच गावात गेलेले. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले होते आणि युद्धानंतरच्या आंतरराष्ट्रीय चलनव्यवस्थेसाठी भरलेल्या ब्रेटन वुड्स परिषदेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात होते. शिष्टमंडळापुढचा सर्वांत अवघड प्रश्न घाडग्यांसारख्या लाखो सैनिकांशी थेट जोडलेला होता : परदेशी लढाईवर झालेला खर्च हिंदुस्थानला परत कधी आणि कसा मिळणार?

आणि तिसरा माणूस त्या जुलैमध्ये तुरुंगात होता. विनायक नरहरी भावे, म्हणजे विनोबा. जन्म ११ सप्टेंबर १८९५, पेण तालुक्यातल्या गागोदे गावी, आजोबांच्या घरात. १९४२ च्या आंदोलनातल्या त्यांच्या कैदेआधीची एक अटक या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. या युद्धाला माणूस किंवा पैसा देणे चूक आहे, असे उघडपणे सांगितले म्हणून ती झाली होती.

पेण, रोहा आणि माणगाव हे तालुके मोटारीने निघाले तर एका दिवसात पाहून होतात. त्या काळच्या कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. सरकारे आपले सैनिक समुद्रापार का पाठवतात आणि त्याची किंमत कोण मोजते, याचे उत्तर शोधायला मराठी वाचकाने दूर जाण्याची गरज नाही. एका जिल्ह्यातल्या या तीन आयुष्यांत ते बरेचसे सापडते.

सैनिक पाठवण्यामागचे सरकारी कारण बहुतेक वेळा स्वच्छ शब्दांत सांगता येते. नोव्हेंबर १९१४ मध्ये सहावी पूना डिव्हिजन इराणच्या आखाताच्या टोकाशी फाओला उतरली, ती तिथल्या ब्रिटिश हितसंबंधांसाठी, ज्यांत अबादानची तेलशुद्धी होती. पुढे हीच डिव्हिजन तैग्रिस नदीकाठच्या कुतमध्ये अडकली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. धान्य संपत गेले, भाजी मिळेना, स्कर्व्ही पसरला, घोड्याचे मांस खायला अनेक हिंदी शिपायांनी नकार दिला. शेवटी सुमारे तेरा हजार जण शरण गेले आणि त्यांतले हजारो कैदेत मेले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसे परदेशी गेली आणि ७४ हजारांहून अधिक परतली नाहीत. त्यांना कुत कुठे आहे हे निघताना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

मग ती गेली का? या प्रश्नावर साहस, इमान, वंशपरंपरा असे बरेच बोलले जाते. त्यात तथ्य आहेच. पण कुलाबा जिल्ह्यात जमिनीकडे बघितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. पावसावरचे एक भाताचे पीक, खारेपाटात समुद्राचे पाणी शिरले की तेही नाही, आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरात. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये खोतांची जमीन कसायची नाही असे ठरवले. तो संप सहा वर्षे चालला आणि १९३९ मध्ये मिटला. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. दरमहा ठरलेला पगार, पोटभर रेशन, घरी जाणारी मनिऑर्डर आणि पुढे पेन्शन : या जिल्ह्यातल्या धाकट्या मुलापुढे मुंबईची गिरणी आणि जहाजावरची खलाशाची नोकरी सोडली तर याच्या तोडीचे दुसरे काही नव्हते.

काहींसाठी फौज याहून मोठी गोष्ट होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त झालेले. महारांची भरती थांबवली गेली तेव्हा, १८९४ मध्ये, त्यांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला. पलटणीत शाळा होती, गणवेश होता, हुद्दा होता. गावात यांतले काहीच नव्हते. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी झाली. समुद्रापारच्या लढाईसाठी ज्यांना बोलावले, त्यांना गावच्या पाणवठ्यावर हक्क नव्हता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आहे, आणि त्या भागातल्या निवृत्त महार शिपायांचा त्यातला वाटा ध्यानात घेतला, तर फौजेच्या नोकरीने माणसाच्या मनात काय पेरले हेही दिसते.

दुसऱ्या युद्धात मात्र एक नवा प्रश्न उभा राहिला होता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. कायदेमंडळाला विचारले नाही, प्रांतांतल्या निवडून आलेल्या मंत्रिमंडळांनाही नाही. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. वर्षभराने गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह ठरवला आणि पहिला सत्याग्रही म्हणून जवाहरलाल नेहरूंच्या आधी विनोबांना निवडले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा पवनारला युद्धाविरुद्ध बोलले, २१ तारखेला त्यांना अटक झाली, तीन महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्या काही महिन्यांत वीस हजारांहून अधिक माणसे अशीच तुरुंगात गेली.

शाळेच्या पुस्तकात हा सत्याग्रह दोन ओळींत संपतो, कारण त्यात मोर्चे नाहीत, गोळीबार नाही. ही उपेक्षा अन्यायाची आहे. परदेशी लढाईत माझ्या नावाने माणसे पाठवण्याआधी मला विचारा, एवढीच मागणी करत हजारो माणसे एकेकटी उभी राहिली, असे उदाहरण जगाच्या इतिहासात फार नाही. आणि ती मागणी करणारा पहिला माणूस गागोद्याचा होता. विनोबांना विरोध करता आला, कारण त्यांच्यामागे एक संघटना आणि एक विचार होता. पळसगावच्या तरुणापुढे तो प्रश्न कुणी ठेवलाच नाही. दोघांच्याही धैर्याबद्दल शंका घेता येणार नाही. फरक निवडीचा आहे.

आता पैशाचे. नोव्हेंबर १९३९ च्या करारानुसार हिंदुस्थानच्या संरक्षणाचा खर्च हिंदुस्थानने करायचा आणि परदेशी लढणाऱ्या हिंदी फौजेचा खर्च ब्रिटनने. कागदावर हे रास्त दिसते. प्रत्यक्षात ब्रिटनकडे रोख देण्यासारखे काही उरले नव्हते. म्हणून लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावे पौंड जमा दाखवले जात आणि त्यांच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे रुपयांच्या नोटा काढत असे. पौंड लंडनला अडकून राहत, नोटा मात्र इथल्या बाजारात येत. युद्ध संपता संपता चलनातल्या नोटा युद्धापूर्वीच्या सहापट झाल्या होत्या. माल वाढला नाही, फौजेसाठी खरेदी वाढली, किमती दुपटीच्या वर गेल्या. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मेली, आणि त्याच्या कारणांत ही महागाई आहे.

याच जागी सैनिकाचे घर आणि रिझर्व्ह बँक एकमेकांना भिडतात. मध्यपूर्वेतल्या हिंदी सैनिकांची पत्रे सेन्सॉर होत आणि १९४३ च्या सेन्सॉर अहवालांत घरच्या महागाईची, धान्य मिळत नसल्याची काळजी पुन्हा पुन्हा नोंदलेली आहे. शिपाई जी मनिऑर्डर पाठवत होता, तिची खरेदीची ताकद तो ज्या युद्धात लढत होता त्याच युद्धाच्या खर्चाने महिन्यागणिक कमी होत होती. त्याने रक्त दिले आणि त्याच्या घरच्यांनी भाताच्या भावातून कर भरला. दोन्ही वेळा संमती कुणी विचारली नाही.

ब्रेटन वुड्सला देशमुख आणि त्यांचे सहकारी हेच पैसे मागत होते. शिष्टमंडळातले ए. डी. श्रॉफ यांनी बँकेत दहा लाख पडले असून टॅक्सीचे भाडे द्यायला खिशात काही नाही अशा माणसाशी हिंदुस्थानची तुलना केली. ब्रिटनतर्फे बोलणारे अर्थतज्ज्ञ केन्स यांनी ब्रिटन आपले देणे मानाने फेडील असे सांगितले, पण तो विषय दोन देशांनी आपसात मिटवावा, असा आग्रह धरला. युद्धाअखेर ही रक्कम सुमारे १३० कोटी पौंड, म्हणजे १,७३३ कोटी रुपये होती. तिच्यातून पुढे धान्य आले, यंत्रे आली. १९४८ च्या करारात मात्र त्यातले सुमारे १० कोटी पौंड ब्रिटिशांनी इथे मागे ठेवलेल्या लष्करी सामानाची किंमत म्हणून वळते झाले.

इटलीत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले, ५,७८२ मेले. त्या मोहिमेतल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांना मिळाले. संगमनेरजवळच्या निमजचे नामदेव जाधव त्यांतले एक. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून, सुरुंगांतून उचलून आणले, आणि ते जगले. माणगावला तहसील कचेरीसमोर घाडग्यांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. समुद्रावर मेलेल्यांची आठवण त्याहून कमी निघते. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधील स्मारकग्रंथात दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सुमारे साडेसहा हजार नाविक-खलाशांची नावे आहेत. कोकणातल्या खाडीकाठच्या मुसलमान घरांतून पिढ्यानपिढ्या माणसे जहाजांवर गेली. या ग्रंथाची माहिती त्या गावांतल्या शाळांपर्यंत पोहोचायला हवी.

स्वातंत्र्यानंतर सैनिक पाठवण्याचा निर्णय दिल्लीत होऊ लागला, हा मोठाच फरक. कोरियात वैद्यकीय तुकडी, गाझा, काँगो, पुढे लेबनॉन, सुदान : संयुक्त राष्ट्रांच्या पन्नासच्या आसपास मोहिमांत भारताचे अडीच लाखांहून अधिक जवान जाऊन आले आणि सुमारे १८० जणांनी प्राण दिले. प्राण देणाऱ्यांचा हा आकडा दुसऱ्या कुठल्याही देशापेक्षा जास्त आहे. पाठवण्याची कारणे इथेही अनेक आहेत : जागतिक मंचावरचे वजन, सुरक्षा परिषदेतल्या जागेचा दावा, आणि खरोखरीची जबाबदारीही. पाठवणाऱ्या देशाला संयुक्त राष्ट्रे परतफेड देतात. २०१८ मध्ये तो दर दरमहा दर सैनिकामागे १,४२८ डॉलर ठरला. ती रक्कम थकते, आणि थकबाकीबद्दल भारताने उघडपणे तक्रार केली आहे. देशमुखांना हा विषय चांगला ओळखीचा वाटला असता.

श्रीलंकेची गोष्ट वेगळी. २९ जुलै १९८७ रोजी भारत-श्रीलंका करार झाला आणि दुसऱ्या दिवशी सैन्य उतरायला लागले. शांतीसाठी गेलेली फौज ऑक्टोबरपासून ज्यांना शस्त्रे खाली ठेवायला लावायची त्या तमिळ बंडखोरांशीच लढत होती. मुंबईत जन्मलेले, आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी जाफना भागात लढताना गेले, त्यांना परमवीर चक्र मिळाले. मार्च १९९० पर्यंत अकराशेहून अधिक भारतीय सैनिक मरण पावले. त्या मोहिमेचे उद्दिष्ट काय होते आणि ते केव्हा बदलले, हे त्या घरांना कधी नीट सांगितले गेले नाही, आणि हे माझ्या मते त्यांचे आपल्यावरचे सर्वांत मोठे ऋण आहे.

उलट उदाहरणही आहे. २००३ मध्ये अमेरिकेला इराकसाठी भारताची एक पूर्ण डिव्हिजन, सुमारे सतरा हजार जवान, हवी होती. एप्रिलमध्ये लोकसभेने त्या युद्धाच्या निषेधाचा ठराव केला होता. वर्तमानपत्रांतून महिनोन्‌महिने उलटसुलट चर्चा झाली. १४ जुलै २००३ रोजी सरकारने, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसताना सैन्य पाठवता येणार नाही, असे जाहीर केले. ज्या देशाने याच इराकमध्ये तैग्रिसकाठी १९१६ मध्ये हजारो माणसे गमावली होती, त्याने या खेपेला आधी विचार केला.

पण ती त्या वेळच्या राजकारणाची गोष्ट होती, कायद्याची नव्हे. ९ एप्रिल २०१३ रोजी दक्षिण सुदानच्या जोंगले प्रांतात संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्याला संरक्षण देताना पाच भारतीय जवान मारले गेले, तेव्हा त्या मोहिमेवर भारताच्या संसदेत मतदान झालेले नव्हते. जर्मनीत घटना न्यायालयाच्या १९९४ च्या निकालापासून सशस्त्र सैन्य परदेशी पाठवायचे तर संसदेची मंजुरी लागते. २००५ च्या कायद्याने सरकारला त्या प्रस्तावात सैनिकांची कमाल संख्या, मुदत आणि अपेक्षित खर्च लिहून द्यावा लागतो, आणि मुदत वाढवायची तर पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. भारतात असा कायदा नाही.